वेब प्रकल्पाची उभारणी : निदान वहीइतकी तरी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वेब ॲप्लिकेशनच्या दर्शनी भागाचा प्रकल्प कसा उभारावा व त्याची मांडणी कशी ठेवावी' या विषयावर मी बोलावे, अशी संस्थेची सूचना आली तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी संगणक अभियंता नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो. त्या वेळी शाखेतील जाडजूड खतावण्या अजून कपाटात होत्या आणि काम मात्र संगणकावर आले होते. तेव्हा या विषयाचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. एका चुकीचा साक्षीदार म्हणून उभा आहे. ती चूक काय होती हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे समजेल.

आपल्या संस्थेची पुस्तकपेढी मी काही वर्षे रविवारी सांभाळतो. पूर्वी तिचा सर्व व्यवहार एका लांब वहीत होता. कोणते पुस्तक कोणाकडे गेले, कधी परत आले, कोणाचा नंबर पुढे आहे, सगळे त्या वहीत. पुढे आपल्याच एका होतकरू विद्यार्थ्याने पुस्तकपेढीसाठी सुंदर वेब-पान करून दिले. रंग छान, बटणे मोठी, मराठी अक्षरे ठळक. आपण सर्वांनी टाळ्या वाजवून त्याचे कौतुक केले आणि मी वही बंद करून कपाटात ठेवली. वर्षभर काम उत्तम चालले. मग त्या मुलास परगावी नोकरी लागली. जाताना त्याने एक पेनड्राइव्ह माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "काका, सगळे यात आहे."

त्यात सगळे नव्हते. नव्या वर्षी अर्जात एक रकाना वाढवायचा होता, म्हणून आम्ही पेनड्राइव्ह उघडला. त्यात 'डिस्ट' नावाचे एकच फोल्डर निघाले. म्हणजे तयार झालेला, यंत्राने दाबून एका लांबलचक ओळीत बसविलेला मजकूर. ब्राउझर तो वाचतो, पण माणसाला तो वाचून दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य. मूळ लिखाण मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर होते आणि तो लॅपटॉप फॉरमॅट झाला होता. त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. पुस्तकांच्या नोंदी कोठल्याही सर्व्हरवर जातच नव्हत्या. त्या आपल्या कार्यालयातील त्या एकाच संगणकाच्या ब्राउझरमध्ये, 'लोकल स्टोरेज' म्हणतात त्या जागेत साठत होत्या. संगणक संथ चालतो म्हणून कोणीतरी ब्राउझर साफ केला आणि वर्षभराच्या नोंदी गेल्या.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा संच आपल्याकडे तेव्हा एकच होता आणि त्यासाठी एका मुलीचा पुढचा नंबर होता. नोंदच उरली नाही, म्हणून संच दुसऱ्याकडे गेला. ती मुलगी मैत्रिणींच्या टिपणांवर परीक्षेला बसली. पुढे भेटली तेव्हा मी दिलगिरी व्यक्त केली. ती एवढेच म्हणाली, "काका, वहीच बरी होती."

मित्रहो, त्या मुलाला मी दोष देत नाही. विशीतल्या मुलाने एक पैसा न घेता काम केले. दोष माझा आहे. मी पडदा पाहिला, पडद्यामागची मांडणी विचारली नाही. बँकेत मी कोणाचे साधे व्हाउचर सही पाहिल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. येथे मात्र सगळी पेढी एका पेनड्राइव्हच्या भरवशावर सोडली. त्या मुलीचे वाक्य मी मापदंड म्हणून घेतले. वेब प्रकल्प कितीही आधुनिक असो, तो निदान वहीइतका तरी चांगला असला पाहिजे. वहीचे गुण चार. ती कोणीही उघडून वाचू शकतो. तिच्यात कोठे काय आहे हे पाने सांगतात. तिच्यात केलेली खाडाखोड दिसते. आणि लिहिणारा निघून गेला तरी वही संस्थेत राहते. हे चार गुण प्रकल्पात कसे आणावयाचे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यानंतर घरातल्या व अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर बसून आम्ही हा प्रकल्प नव्याने उभा केला, त्या अनुभवातून हे बोलणे आहे.

काउंटर आणि तिजोरी

प्रथम दर्शनी भाग म्हणजे काय ते पाहू. बँकेत काउंटर असते आणि आत तिजोरी असते. ग्राहकाचे बोलणे काउंटरवर होते. रक्कम आणि मूळ नोंद आत असते. वेब ॲप्लिकेशनमध्ये फ्रंट-एंड हे काउंटर आणि बॅक-एंड ही आतली बाजू. काउंटर तीन गोष्टींनी बनते : मजकुराचा सांगाडा ठरविणारी एचटीएमएल, रूप ठरविणारी सीएसएस आणि हालचाल घडविणारी जावास्क्रिप्ट. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुले केले. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा तयार केला. वेब खुली राहिली म्हणूनच आपण शुल्क न भरता हे सारे शिकू शकतो.

आमची पहिली चूक म्हणजे तिजोरीतील ऐवज काउंटरवरच्या कागदावर ठेवला. ब्राउझरमधील साठवण ही काउंटरवरची चिठ्ठी आहे. अर्धवट भरलेला अर्ज तेवढ्यापुरता जपून ठेवायला ती ठीक. संस्थेची मूळ नोंद सर्व्हरवरील डेटाबेसमध्येच हवी आणि तिची नियमित प्रत काढली पाहिजे.

आधी कागद, मग संगणक

दुसऱ्या वेळी आम्ही दोन रविवार संगणक उघडलाच नाही. कागदावर लिहिले : हे कोण वापरणार? उत्तर आले, विद्यार्थी, बहुतेक साध्या मोबाइलवरून. आणि पेढीवर बसणारा एक कार्यकर्ता, संगणकावरून. मग पडद्यांची यादी केली : पुस्तक शोधणे, मागणी नोंदविणे, देवघेव, प्रतीक्षायादी. चारच पडदे निघाले. पहिल्या वेळी अकरा होते आणि त्यातील सात कोणी उघडतही नव्हते.

मग साहित्य. संगणकावर 'नोड' बसवावे लागते. रायन डाल यांनी २००९ साली ते केले. त्यामुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेरही चालविता येते. नोडची 'एलटीएस' आवृत्ती, म्हणजे ज्या आवृत्तीला दीर्घकाळ पाठबळ मिळते ती, घ्यावी. तिच्याबरोबर 'एनपीएम' येते. इतरांनी लिहिलेले तयार भाग आणून देणारा तो कारकूनच समजा. पडदे बांधण्यासाठी रिॲक्ट किंवा व्ह्यू यांपैकी एक घ्यावे. रिॲक्ट २०१३ साली खुले झाले, व्ह्यू २०१४ साली. जे शिकविणारा माणूस जवळ आहे ते घ्या. या दोहोंत जातीचा फरक नाही.

आणि प्रकल्पाचा पाया घालून देणारे साधन म्हणजे 'वीट'. व्ह्यूचेच कर्ते इव्हान यू यांनी ते २०२० साली आणले. तो शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'जलद', आणि उच्चार खरोखरच आपल्या विटेसारखा. 'एनपीएम क्रिएट वीट' अशी आज्ञा दिली की ते प्रकल्पाचे नाव विचारते, रिॲक्ट की व्ह्यू हे विचारते आणि एक छोटे, चालणारे घरकुल उभे करून देते. विद्यार्थ्यांनी येथे एक सावधगिरी घ्यावी. जुन्या पुस्तकांत व चित्रफितींत 'क्रिएट रिॲक्ट ॲप' या साधनाने सुरुवात करावयास सांगतात. ते २०१६ साली आले होते. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या चमूनेच नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये असे जाहीर केले. जे पाहून शिकता त्याची तारीख आधी पाहावी.

साहित्याची यादी

उभ्या झालेल्या प्रकल्पात 'पॅकेज डॉट जेसन' नावाची फाईल असते. प्रकल्पाचे नाव, लागणारे तयार भाग आणि चालविण्याच्या आज्ञा तिच्यात असतात. तिच्याशेजारी 'पॅकेज-लॉक' असते. या दोहोंतील फरक पुष्कळांस ठाऊक नसतो. पहिली यादी म्हणते, 'अमुक भाग, या आवृत्तीचा किंवा त्याच मालिकेतील नंतरचा चालेल.' दुसरी म्हणते, 'नेमकी हीच आवृत्ती आणली होती.' किराण्याच्या चिठ्ठीत आपण 'तांदूळ' लिहितो आणि दुकानाच्या पावतीत कोणता तांदूळ, किती व काय भावाने हे असते, तसे. पावती फेकू नका. लॉक फाईल जपली आणि दुसऱ्या संगणकावर 'एनपीएम सीआय' ही आज्ञा दिली, की नेमके तेच साहित्य तेथे उभे राहते. 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही' हा वाद पुष्कळसा येथेच मिटतो.

याउलट 'नोड-मॉड्यूल्स' हे फोल्डर कोणाला देऊ नये. त्यात आणलेले साहित्य असते, हजारो फाईलींचा ढीग. यादी असली की ढीग पुन्हा येतो.

साहित्य जितके कमी तितके बरे. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतला. त्याचे काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे. पण जगभरातील असंख्य प्रकल्प दुसऱ्या भागांच्या मार्फत त्यावर अवलंबून होते आणि ते काही तास उभेच राहिनात. शेवटी एनपीएमला तो भाग परत ठेवावा लागला. अकरा ओळी आपल्याला स्वतः लिहिता येत असतील तर त्या उसन्या आणू नयेत.

कोणती वस्तू कोठे

आता वहीचा दुसरा गुण, पाने. वीटच्या प्रकल्पात मुळाशीच 'इंडेक्स' ही एचटीएमएल फाईल असते. दार तेथून उघडते. 'पब्लिक' फोल्डरमध्ये जे जसेच्या तसे पुढे जायचे तेवढेच ठेवावे, उदाहरणार्थ संस्थेचे बोधचिन्ह. आपले लिखाण 'एसआरसी' फोल्डरमध्ये. 'डिस्ट' हे 'एनपीएम रन बिल्ड' दिल्यावर तयार होते. ते सर्व्हरवर चढवायचे असते. तेथे हाताने दुरुस्ती करू नये, कारण पुढच्या बिल्डमध्ये ती पुसली जाते. पुस्तक छापून झाल्यावर हस्तलिखित जाळत नाहीत, हे लक्षात ठेवा.

एसआरसीच्या आत दोन रीती आहेत. एक, प्रकारानुसार : सगळी बटणे व तक्ते एकीकडे, सगळी पाने दुसरीकडे, सगळे रंगरूप तिसरीकडे. दुसरी, विषयानुसार : पुस्तकांचे सर्व काही एका फोल्डरमध्ये, सभासदांचे दुसऱ्या, देवघेवीचे तिसऱ्या. लहान प्रकल्पात पहिली रीत सोपी वाटते. परंतु आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारला : उद्या पुस्तक ठेवण्याची मुदत पंधरा दिवसांऐवजी एकवीस दिवस केली, तर किती फोल्डर उघडावे लागतील? पहिल्या रीतीत चार, दुसऱ्या रीतीत एक. आम्ही दुसरी रीत घेतली. दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवल्या : सगळ्यांना लागणारे सामायिक भाग, आणि सर्व्हरशी बोलणारा भाग. सर्व्हरशी बोलणे एकाच ठिकाणी असले की पत्ता बदलला तरी एकच जागा बदलते.

फाईलींच्या नावांविषयी एक अनुभव. नवा प्रकल्प आमच्या विंडोजच्या संगणकावर उत्तम चालला. सर्व्हरवर चढविताना मात्र बिल्ड मोडले, 'फाईल सापडत नाही' असे येऊ लागले. रात्री अकरापर्यंत मुले शोधत बसली. एका ठिकाणी फाईलीचे पहिले अक्षर कॅपिटल होते, बोलावताना स्मॉल लिहिले होते. विंडोज सहसा हा भेद मानत नाही, लिनक्स मानते, आणि पुष्कळसे सर्व्हर लिनक्सचे. आपल्या देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही, म्हणून आपल्या डोळ्यांना ते चटकन खुपतही नाही. तेव्हा नावांची एकच रीत ठरवा, ती लिहून ठेवा आणि कोणीही मोडू नका.

मराठी मजकुरासाठीही दोन शब्द. पूर्वी आपल्या स्मरणिका ज्या फाँटांत जुळविल्या जात, त्यांतील अनेक युनिकोड नव्हते. फाँट बदलला की अक्षरांचा कचरा होई. प्रकल्पात सर्वत्र युनिकोडच वापरावे, पानाच्या माथ्यावर 'यूटीएफ-८' आणि भाषा मराठी असल्याचे सांगावे. म्हणजे अंधांसाठी वाचून दाखविणाऱ्या साधनांनाही मजकूर कोणत्या भाषेत आहे ते कळते. नावांची यादी अकारविल्हे लावताना जावास्क्रिप्टला 'मराठीप्रमाणे लाव' असे स्पष्ट सांगावे लागते.

खाडाखोड दिसली पाहिजे

तिसरा गुण. बँकेत चुकीची नोंद खोडून नाहीशी करीत नाहीत. उलट नोंद घालून दुरुस्त करतात. चूकही दिसते आणि दुरुस्तीही. प्रकल्पासाठी हेच काम 'गिट' करते. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ते लिहिले. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, काय केला हे त्यात राहते. बदल चुकला तर 'रिव्हर्ट' म्हणजे तंतोतंत आपली उलट नोंद. अट एकच. नोंद करताना तपशील नीट लिहावा. 'बदल केला' हा काही तपशील नव्हे. 'प्रतीक्षायादीत एकाच नावाची दोनदा नोंद होत होती, ती थांबविली' हा तपशील.

गिटमध्ये काय जाऊ नये याची यादी 'गिट-इग्नोर' फाईलीत असते : नोड-मॉड्यूल्स, डिस्ट आणि गुप्त किल्ल्या. किल्ल्यांविषयी गांभीर्याने सांगतो. काही मुले डेटाबेसचा पासवर्ड 'एन्व्ह' फाईलीत ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण दर्शनी भागात तो वापरला, की बिल्ड करताना तो मजकुरात मिसळतो आणि ब्राउझरमध्ये कोणीही वाचू शकतो. वीटमध्ये तर ज्या नावाच्या आरंभी 'वीट' आणि अधोरेषा असेल ते मूल्य ब्राउझरपर्यंत जाण्यासाठीच असते. काउंटरवर तिजोरीची किल्ली ठेवू नये. चुकून गिटमध्ये गेलीच, तर नंतर फाईल काढून भागत नाही, जुन्या नोंदीत ती राहतेच. कुलूपच बदलावे लागते. तसेच चाचणीसाठी सभासदांची खरी नावे व दूरध्वनी क्रमांक वापरू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आपण जपलीच असती.

लिहिणारा गेला तरी

शेवटचा गुण सभासदांसाठी आहे. गिटचे खाते, संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे खाते ही तिन्ही संस्थेच्या ई-मेलवर असावीत, कोणा एकाच्या नव्हे. बँकेच्या तिजोरीला दोन माणसांच्या दोन किल्ल्या लागतात; येथेही दोन पदाधिकाऱ्यांना प्रवेश असावा. काम करणारा मुलगा उद्या मोठ्या नोकरीवर जावा, हीच तर आपली इच्छा आहे. त्याच्या जाण्याने संस्थेचे काम अडत असेल तर त्याच्या प्रगतीचा आपल्याला आनंद कसा होणार?

आणि मुलांसाठी 'रीड-मी' फाईल. हा प्रकल्प कशासाठी आहे, कोणती नोड आवृत्ती लागते, कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या, कोणते फोल्डर कशाचे, सर्व्हरवर कसे चढवायचे, हे तिच्यात साध्या मराठीत लिहावे. ती पुरी आहे की नाही याची एक परीक्षा आम्ही घेतली. ज्याने प्रकल्प पाहिलाच नव्हता अशा अकरावीतल्या मुलाला वेगळ्या संगणकावर बसविले, हाती फक्त ती फाईल दिली आणि सांगितले, कोणाला काही विचारायचे नाही. पहिल्या दिवशी त्याला तीनदा विचारावे लागले. ज्या तीन ठिकाणी तो अडला ती आम्ही फाईलीत लिहून काढली. पुढच्या रविवारी दुसऱ्या मुलीला बसविले. तिने 'एनपीएम सीआय' दिले, मग 'एनपीएम रन डेव्ह' दिले, आणि वीस मिनिटांत पुस्तकपेढीचे पान तिच्या पडद्यावर आले. कोणाला काही विचारले नाही. त्या दिवशी टाळ्या कोणी वाजविल्या नाहीत, पण मला पहिल्या वेळच्या टाळ्यांपेक्षा अधिक समाधान वाटले.

विद्यार्थी मित्रहो, मुलाखतीला जाल तेव्हा तुमचा प्रकल्प दिसतो कसा एवढेच कोणी पाहणार नाही. हे फोल्डर येथे का, हा भाग का घेतला, हा बदल का केला, असे विचारतील. चित्रफीत पाहून उतरविलेल्याला उत्तर देता येत नाही. स्वतः मांडणी केलेल्याला देता येते. त्याच्याकडे महागडा संगणक नसला तरी चालतो, कारण ही सर्व साधने विनामूल्य आहेत. शिस्त मात्र आपली आपणच आणावी लागते.

जुनी वही अजून कपाटात आहे. ती मी टाकलेली नाही. महिन्यातून एकदा प्रतीक्षायादी कागदावर काढून तिच्यात चिकटवितो. कोणी हसले तर हसो. ज्या मुलीचा नंबर गेला तिला मी तो परत देऊ शकत नाही. पण पुढच्या कोणाचा नंबर असा जाणार नाही, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून ठेवू शकतो.